खासगी कंपनीची हाय-स्पीड रेल्वे: नोकरी घ्यावी का, आणि पगारातले शेअर घ्यावेत का?

पूलवाली

मी स्ट्रक्चरल इंजिनीअर. अकरा वर्षं पुलांवर गेली, त्यातली शेवटची चार उन्नत मार्गावर: पायलिंग, खांब, यार्डात बॉक्स गर्डर (काँक्रीटच्या पोकळ तुळया) ओतणं आणि लाँचिंग गर्डरने ते उचलून जागेवर बसवणं. सध्याचं काम सरकारी प्रकल्पाचं आहे. पगार वेळेवर होतो, रात्री झोप लागते.

दीड महिन्यापूर्वी एका खासगी कंपनीकडून बोलावणं आलं. (नाव आणि देश सांगत नाही, बोलणी अजून चालू आहेत.) दोन मोठी शहरं, मध्ये तीनशेच्या आसपास किलोमीटर, फक्त प्रवासी गाड्या, वेग ताशी 300. सरकारकडून बांधकामाला पैसा घेणार नाही असं ते ठामपणे सांगतात. जागेचा मोठा भाग महामार्गाच्या दुभाजकातून मिळणार आहे, उरलेली वाटाघाटीने घेणार. मला उन्नत भागाच्या डिझाइन टीमची जबाबदारी देताहेत.

खरं सांगायचं तर मन कधीच तिकडे गेलं आहे. तैवानमध्ये चांगहुआ ते काओशुंग असा 157 किलोमीटरचा सलग उन्नत मार्ग आहे, त्याचे नकाशे आणि फोटो मी विद्यार्थीदशेपासून पाहते. एवढं सलग काम हातात येण्याची संधी आयुष्यात एकदा मिळते, तीही मिळालीच तर.

अडचण पैशाची आहे. पगाराचा पाचवा हिस्सा शेअरमध्ये देणार, आणि ते शेअर पहिली गाडी सुटल्यापासून तीन वर्षांनीच विकता येणार. नवरा म्हणतो, "पहिल्या दिवसापासून आत असलेल्यांचंच सोनं होतं." मी पुलावरचा भार मोजू शकते, कंपनीवरचा मला मोजता येत नाही. सरकारशिवाय बांधलेल्या अशा लाइन कुठे टिकल्या आहेत का? आणि हो म्हणण्याआधी मी नेमकं काय तपासू?

वेळापत्रक

अभिनंदन! घ्या बिनधास्त. इटलीत इतालो ही खासगी कंपनी 2012 पासून ताशी 300 ने गाड्या पळवते आहे. 2018 मध्ये ती जवळपास 200 कोटी युरोला विकली गेली, म्हणजे सुरुवातीला पैसे घातलेल्यांना भाव मिळालाच. जपानात टोकियो–नागोया मॅग्लेव्ह (चुंबकाच्या जोरावर तरंगत धावणारी गाडी) तर पूर्णपणे खासगी कंपनी बांधते आहे. लोकांना वेगवान गाडी हवी असते. गाडी चांगली असली तर प्रवासी येतातच.

आकडेमोड

ताई, माझं उत्तर लांबेल. मी एकवीस वर्षं प्रवासी संख्येचे अंदाज बांधायचं काम केलं. अशा प्रकल्पाला कर्ज देण्याआधी बँका बाहेरच्या सल्लागाराकडून अहवाल मागवतात, तो लिहिणाऱ्यांत मी असायचो. "प्रवासी येतातच" हे वाक्य मीही बरीच वर्षं खरं मानलं, म्हणून आधी त्यावरच बोलतो.

अंदाज कसा बनतो ते सांगतो. पहाटे पाचला विमानतळावर क्लिपबोर्ड घेऊन उभं राहायचं आणि रांगेतल्या माणसाला विचारायचं, "या दोन शहरांत दीड तासात पोहोचवणारी गाडी सुरू झाली, तिकीट विमानाइतकंच असलं, तर तुम्ही गाडीने जाल का?" जवळजवळ प्रत्येक जण हो म्हणतो. झोपमोड झालेला, सुरक्षा तपासणीला कंटाळलेला माणूस दुसरं काय म्हणणार? त्या प्रश्नात स्थानक शहरापासून किती लांब आहे हे नसतं. दोन मुलं आणि तीन बॅगा घेऊन तिथपर्यंत कसं जायचं, तिकिटाचे पैसे ऑफिस भरणार की तो स्वतः, परतीची शेवटची गाडी किती वाजता सुटते, यातलं काहीच नसतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, त्यात विमान कंपनीचं उत्तर नसतं. गाडी सुरू झाल्यावर विमान कंपनी गप्प बसून राहत नाही, भाडं उतरवते.

आम्ही त्या होकारांना कात्री लावायचो, नाही असं नाही. मुख्य अंदाज, आणि त्याच्या 20 टक्के खाली एक "वाईट" अंदाज. बँक वाईट अंदाजावर हिशेब करायची, हप्ते बसतात असं दिसलं की सही. माझ्या एका प्रकल्पात प्रत्यक्ष प्रवासी त्या वाईट अंदाजाच्याही बरेच खाली आले. उद्घाटनाच्या दिवशी मी फलाटावर होतो. गाडी देखणी होती आणि मिनिटाचाही उशीर न होता सुटली. पुढे चार महिने रोज सकाळी मोजणीचे आकडे यायचे आणि मी ते माझ्याच अहवालाच्या पानाशेजारी ठेवून बघायचो. ते दिवस मी अजून विसरलेलो नाही. माझ्या सहीच्या कागदावर विसंबून लोकांनी पैसे लावले होते.

बेंट फ्लुबियर्ग या डॅनिश अभ्यासकाने सहकाऱ्यांसह 14 देशांतल्या 210 वाहतूक प्रकल्पांचे अंदाज तपासले. तो लेख 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. दहापैकी नऊ रेल्वे प्रकल्पांत प्रवासी फुगवून धरलेले होते. सरासरी काढली तर प्रत्यक्षात आलेले प्रवासी अंदाजाच्या निम्म्याच्याही किंचित खाली. तो वाचला तेव्हा मला धक्का बसला नाही, ओळख पटली.

आता तुमचा मूळ प्रश्न, अशा लाइन टिकल्या का. लाइन टिकतात. ज्यांनी आधी पैसे घातले ते बहुतेक वेळा टिकत नाहीत. तुमचा सगळा निर्णय या फरकावर आहे.

इंग्लिश खाडीखालचा बोगदा घ्या. सरकारी पैसा लावायचा नाही या अटीवर 1986 मध्ये करार झाला. 1987 मध्ये शेअर विक्रीला आले आणि फ्रान्समधल्या लाखो साध्या माणसांनी ते घेतले. 1994 मध्ये बोगदा उघडला, खर्च ठरल्यापेक्षा सुमारे 80 टक्के जास्त होऊन 465 कोटी पौंडांवर गेला होता. पहिल्या वर्षी युरोस्टारला (बोगद्यातून लंडनला पॅरिस आणि ब्रसेल्सशी जोडणारी प्रवासी गाडी) 1 कोटी 59 लाख प्रवासी मिळतील असा अंदाज होता. 1995 मध्ये आले 29 लाख. 2000 मध्येही 71 लाखच. फेरी कंपन्यांनी भाडी पाडली, स्वस्त विमानं आली. सप्टेंबर 1995 मध्ये, म्हणजे उघडून दीड वर्षही झालं नव्हतं तेव्हा, कंपनीने कर्जावरचं व्याज देणं थांबवलं. मग 1998 मध्ये कर्जाची फेररचना (म्हणजे झेपत नाही म्हणून कर्जाच्या अटी नव्याने ठरवणं), 2006 मध्ये धनकोंपासून न्यायालयाचं संरक्षण, 2007 मध्ये पुन्हा फेररचना. बोगदा मात्र आजही गजबजलेला असतो. अभियांत्रिकीत कोणी बोट ठेवू शकत नाही. आणि तुमच्यासारख्या अभियंत्यांचा पगार तर बोगदा पूर्ण होईपर्यंत मिळतच होता.

तुम्ही तैवानचं नाव काढलंत, तर तेच उदाहरण सविस्तर सांगतो, कारण तुमच्या कंपनीशी त्याचं साम्य मला बेचैन करतं. "बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा" या तत्त्वावर 1998 मध्ये 35 वर्षांचा करार झाला. बांधणारा खासगी कंपन्यांचा गट निवडला गेला तो मुख्यतः एका आश्वासनावर, की सरकारला काहीही घालावं लागणार नाही, उलट आम्हीच सरकारला 10,570 कोटी तैवानी डॉलर देऊ. स्पर्धेत जिंकण्यासाठी दिलेला शब्द पुढे पाळावा लागतो, आणि तो पाळायचा असेल तर प्रवासी भरपूर येतील असं धरावंच लागतं. माझ्या धंद्यातली ही सगळ्यात वाईट गोष्ट आहे. उत्तर आधी ठरतं आणि अंदाज त्याला जुळवला जातो.

जानेवारी 2007 मध्ये गाड्या सुरू झाल्या. 2008 मध्ये 3 कोटींवर प्रवासी आले, जगातल्या कुठल्याही नव्या लाइनला अभिमान वाटावा असा आकडा. गाड्या चालवायचा रोजचा खर्च तिकिटांतून निघत होता. तरी कंपनी बुडायला आली, कारण दोन गोष्टी डोक्यावर होत्या, व्याज आणि घसारा. करार 35 वर्षांचा, त्यातली जवळपास नऊ बांधकामात गेली. उरलेल्या 26 वर्षांत सगळे खांब, बोगदे, रूळ यांची किंमत हिशेबातून वजा करायची. तुम्ही शंभर वर्षं टिकणारा खांब उभा करता आणि हिशेबनीस तो 26 वर्षांत संपवतो! 2009 मध्ये सरकारने कारभार हाती घेतला आणि कर्ज कमी व्याजाच्या कर्जाने बदललं. 2015 मध्ये जुनं भागभांडवल 60 टक्के कापलं, सरकारने 3,000 कोटी तैवानी डॉलर घातले आणि कराराची मुदत 35 वरून 70 वर्षं केली. रूळ तेच आणि गाड्याही त्याच. घसारा लांबवर पसरला आणि कंपनी नफ्यात आली. 2016 मध्ये शेअर बाजारात आली, 2019 मध्ये सुमारे 6 कोटी 70 लाख लोकांनी प्रवास केला. म्हणजे प्रवासी आलेच, पण कर्जाचा हप्ता त्यांची वाट पाहत थांबला नव्हता.

वेळ हाच खरा शत्रू आहे. एक हिशेब स्वतः करून बघा. बांधकामाचा खर्च 100 धरा, सहा वर्षांत सारखा वाटून झाला, सगळा कर्जाने, व्याज 8 टक्के. पहिली गाडी सुटते त्या दिवशी डोक्यावर 127 असतात. आता बांधकामावर एक पैसाही जास्त खर्च न होता, एखाद्या दाव्यामुळे किंवा सिग्नलच्या प्रमाणपत्रामुळे दोन वर्षं उशीर झाला असं धरा. 127 चे 148 होतात. नुसतं व्याज वर्षाला 10 ऐवजी 12 च्या घरात जातं. आणि नव्या लाइनला प्रवासी पहिल्या दिवशी येत नाहीत. लोकांच्या सवयी बदलायला, कंपन्यांना कार्यालयं हलवायला, स्थानकाभोवती वस्ती वाढायला तीन ते पाच वर्षं सहज जातात.

आता तुमच्या करारातली अट पुन्हा वाचा. शेअर गाडी सुटल्यावर तीन वर्षांनी विकता येतील. म्हणजे कर्जाचं ओझं सगळ्यात जड आणि प्रवासी अजून निम्मे, बरोबर त्या काळात तुमचे शेअर कुलपात असतील. फेररचना झाली तर याच काळात होते, आणि तिच्यात पहिली कात्री शेअरधारकालाच लागते. नोकरी जरूर घ्या. शेअर घेऊ नका. तो पाचवा हिस्सा रोख मागा, थोडा कमी मिळाला तरी चालेल.

वेळापत्रक यांच्यासाठी: इतालोने रूळ बांधलेले नाहीत. मार्ग सरकारी पैशाने बांधलेले आहेत, इतालो भाडं भरून त्यावर गाड्या चालवते. तिने विकत घेतल्या त्या गाड्या, त्या प्रसंगी दुसऱ्याला विकता किंवा भाड्याने देता येतात. बोगदा उपटून नेता येत नाही. आणि एवढं करूनही सुरुवातीची काही वर्षं ती कर्जाखाली दबलेली होती.

वेळापत्रक

हे मान्य. मी रूळ आणि गाड्या एकत्र धरत होतो. पण जपानचं काय? तिथे तर रूळही कंपनीचेच आहेत.

आकडेमोड

तिथे कंपनीच्या हातात आधीपासून तोकाइदो शिंकान्सेन आहे, टोकियो ते ओसाका, जगातल्या सगळ्यात कमावत्या लाइनपैकी एक. ती जुनी लाइन नव्या लाइनचं बांधकाम पोसते. आणि ती जुनी लाइन 1964 मध्ये सरकारी रेल्वेने बांधली, जागतिक बँकेचं 8 कोटी डॉलरचं कर्ज घेऊन. खर्च अंदाजाच्या जवळपास दुपटीला गेला आणि उद्घाटनाआधीच रेल्वेच्या अध्यक्षांना पायउतार व्हावं लागलं. म्हणजे मुळात जोखीम सरकारनेच घेतली होती.

तरीसुद्धा मॅग्लेव्हचं बघा. नागोयापर्यंतच्या 286 किलोमीटरचा अंदाज 5.52 लाख कोटी येनवरून 2021 मध्येच 7.04 लाख कोटींवर गेला. 3 लाख कोटी येन सरकारने स्वस्त कर्ज म्हणून दिले. शिझुओका प्रांतातून मार्ग जेमतेम 9 किलोमीटर जातो, पण तिथे बोगद्यामुळे ओई नदीचं पाणी घटेल या भीतीने काम अडलं, आणि 2027 चं उद्दिष्ट 2024 मध्ये सोडून द्यावं लागलं. नऊ किलोमीटर! इतका पैसा आणि अनुभव असलेल्या कंपनीची ही गत. तुमच्या कंपनीकडे पोसणारी जुनी लाइन आहे का? नसेल तर दुसरं काय आहे?

सिग्नलवाला

मी गाडी-नियंत्रणाच्या कामात आहे, त्यामुळे जोडणीबद्दल बोलतो.

फ्रान्समधलं पेर्पिन्यां आणि स्पेनमधलं फिगेरस यांना जोडणारी 44 किलोमीटरची हाय-स्पीड लाइन एका खासगी कंपनीने बांधली. पिरेनीज पर्वताखालून 8 किलोमीटरचा दुहेरी बोगदा आहे, काम बघण्यासारखं झालं. फेब्रुवारी 2009 मध्ये लाइन तयार. पण एकही गाडी नाही, कारण स्पेनच्या बाजूला बार्सिलोनाहून फिगेरसपर्यंत येणारी लाइन पूर्ण झाली नव्हती. पहिली प्रवासी गाडी धावली ती डिसेंबर 2010 मध्ये, तीही एका बाजूची जोडणी तात्पुरतीच धरून. बार्सिलोनापर्यंत थेट हाय-स्पीड मार्ग झाला जानेवारी 2013 मध्ये. जवळपास चार वर्षं तयार बोगद्याची देखभाल करत, व्याज भरत बसायचं, आणि उशिराला कारण दुसऱ्याची लाइन. मालगाड्याही धरल्या तेवढ्या आल्या नाहीत. 2015 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, 2016 मध्ये लाइन दोन्ही देशांच्या सरकारी रेल्वे यंत्रणांकडे गेली. आणि या प्रकल्पात खर्चाचा अर्ध्याहून जास्त भाग सरकारी अनुदानाचा होता, हे लक्षात घ्या.

म्हणून तुम्ही विचारा, शहरातले शेवटचे दहा-पंधरा किलोमीटर कोणाचे? नवीन बांधणार, की जुन्या रेल्वेच्या रुळांवरून आत शिरणार? जुन्या रुळांवरून असेल तर गर्दीच्या वेळी दोन गाड्यांमधली जागा कोण ठरवणार, आणि सिग्नल यंत्रणा दोन्हीकडे चालणारी आहे का? गाडीत दोन यंत्रणा बसवून प्रमाणपत्र मिळवायला किती महिने लागतात हे मी जवळून पाहिलं आहे. हत्ती गेला आणि शेपूट अडकलं, अशी वेळ शहराच्या वेशीवरच येते.

वळणमाप

दुभाजकाबद्दल कोणीच बोललं नाही. जागा रस्त्याची घेतली की वळणंही रस्त्याचीच येतात. ताशी 300 साठी वळणाची त्रिज्या साधारण 4 किलोमीटर तरी हवी, तीही रूळ पुरेसा कलता ठेवून. त्रिज्या 1.2 किलोमीटर असेल तर वेग 160 च्या आसपास येतो. महामार्गावर 1.2 किलोमीटरचं वळण मोटारवाल्याला जाणवतसुद्धा नाही. त्यामुळे 300 हा कमाल वेग विचारू नका, टोक ते टोक सरासरी वेग विचारा. वळण टाळायला दुभाजक सोडला की तिथे उन्नत मार्ग आणि नवी जमीन आली, म्हणजे ताई, तुमचं काम वाढलं आणि खर्चही.

लास वेगास ते दक्षिण कॅलिफोर्निया ही 351 किलोमीटरची खासगी लाइन अशाच दुभाजकातून जाणार आहे. एप्रिल 2024 मध्ये भूमिपूजन झालं. सरकारने 300 कोटी डॉलर अनुदान दिलेलं आहे, तरी 1,200 कोटी डॉलरचा अंदाज 2025 मध्ये 2,150 कोटींवर गेला. आणि जागा दुभाजकातून न घेता शेतांतून घ्यायची म्हटलं तर काय होतं त्याचं उदाहरण टेक्सासमध्ये आहे. डॅलस–ह्यूस्टन, सुमारे 386 किलोमीटर, जपानी गाड्या, सपाट जमीन, कागदावर याहून सोपी लाइन नसेल. जमीन सक्तीने घेण्याचा अधिकार खासगी कंपनीला आहे का यावरून वर्षानुवर्षं खटला चालला. 2022 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने अधिकार आहे असं सांगितलं, पण तोवर कंपनीचं संचालक मंडळच उरलं नव्हतं.

पूलवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. आकडेमोड काका, फलाटावरचा प्रसंग वाचून मी बराच वेळ काहीच लिहू शकले नाही. पुलाच्या बाबतीत आमच्या डोक्यावर तीच भीती असते, फक्त आम्हाला भाराची चाचणी घेऊन बघता येते.

एक प्रश्न राहिला. तुम्ही सांगितलंत ते ऐकून असं वाटतं की खासगी कंपनीने हे करूच नये. तुमचं मत खरंच तसं आहे का?

आकडेमोड

नाही, मुळीच नाही. मला ही लाइन व्हायला हवी आहे. रस्त्यावर आणि विमानतळावर ताटकळणारी माणसं मी वर्षानुवर्षं मोजली आहेत.

जिथे जमलं तिथे जोखीम वाटून घेतली होती. फ्रान्समधली तूर–बोर्दो लाइन बघा. 302 किलोमीटर, 780 कोटी युरोच्या आसपास खर्च, त्यातला जवळपास अर्धा सरकारी, कंपनीला 50 वर्षांचा करार. जुलै 2017 मध्ये वेळेवर सुरू झाली आणि पॅरिस–बोर्दो प्रवास दोन तास चार मिनिटांवर आला. खासगी कंपनीने बांधकामाची शिस्त आणली, पण प्रवासी येईपर्यंतचं सगळं ओझं तिच्या एकटीच्या पाठीवर नव्हतं.

ब्रिटनमध्ये लंडन ते खाडीचा बोगदा ही 109 किलोमीटरची लाइन खासगी कंपनीला 1996 मध्ये दिली. दोनच वर्षांत ती सरकारच्या दारात परत आली, युरोस्टारचं उत्पन्न धरलं तेवढं येत नव्हतं. मग सरकारने कर्जरोख्यांना हमी दिली आणि 2007 पर्यंत ती पूर्ण झाली. 2010 मध्ये सरकारने तीच लाइन 30 वर्षं चालवायचा हक्क 210 कोटी पौंडांना विकला. घेणारे कॅनडातले पेन्शन फंड. पेन्शन फंडाला 30 वर्षं संथ, खात्रीचं उत्पन्न हवं असतं आणि चालू लाइन ते देते. बांधकामाच्या काळात तेच फंड जवळ फिरकत नाहीत. माझं मत विचाराल तर क्रम असाच हवा. पहिली दहा वर्षं सरकारचा खांदा, त्यानंतर खासगी पैसा. सरकार नकोच असा हट्ट धरणारी कंपनी मला धाडसी वाटत नाही, ती पुढे कधीतरी घाईत, पडत्या भावात सरकारकडेच जाते.

फ्लोरिडातली मायामी–ओरलँडो गाडी याच वळणावर उभी आहे. जुन्या मालवाहू लाइनची जागा आधीच हाताशी होती, स्थानकांवर इमारती बांधून उत्पन्न जोडलं, वेगही माफक, कमाल ताशी 200. खासगी लाइनला याहून चांगली सुरुवात मिळणं कठीण. 2023 मध्ये ओरलँडोपर्यंत गेली, 2024 मध्ये 27 लाखांवर प्रवासी झाले. तरी 2025 मध्ये काही कर्जरोख्यांवरचं व्याज त्यांना पुढे ढकलावं लागलं. गाड्या रोज धावताहेत, लोक बसताहेत. माझी मनापासून इच्छा आहे की ती लाइन तगावी.

आणखी एक गोष्ट तपासा. शेअर कोणाकडे आहेत? बोगद्याच्या कंपनीची स्थापना ठेकेदारांनी आणि बँकांनी केली, आणि बांधकामाचं काम त्याच ठेकेदारांना गेलं. तैवानच्या मूळ भागीदारांतही बांधकाम कंपनी होती. ठेकेदाराला त्याचा मोबदला काँक्रीट ओतताना मिळतो. शेअर बुडाला तरी त्याचं भागतं. तुमचं भागणार नाही.

पूलवाली

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. सगळे प्रश्न एका कागदावर लिहून घेऊन गेले होते.

सरासरी वेग विचारला तर ताशी 185 निघाला. वळणमाप यांचं म्हणणं खरं ठरलं, दुभाजकातल्या जवळपास चाळीस किलोमीटरवर गाडी दीडशेच्या वर जात नाही. एका शहरात स्थानक अगदी मध्यवर्ती आहे. दुसऱ्या शहरात "पहिल्या टप्प्यात" ते वेशीवर थांबतं, केंद्रापासून 14 किलोमीटर अलीकडे. पुढचा टप्पा कधी, याला तारीख नाही. सर्वात मोठा भागीदार बांधकाम कंपनीच आहे. आणि प्रवासी कमी आले तर पहिली काही वर्षं व्याज कशातून भरणार, हे विचारल्यावर वित्त विभागाचे प्रमुख आधी गप्प राहिले, मग म्हणाले की सरकारशी "बोलणी" सुरू आहेत. ते गृहस्थ प्रामाणिक वाटले. माझ्याशी खोटं बोलले नाहीत.

शेअर नाकारले. त्याऐवजी पाचव्या हिश्श्याचा दोन तृतीयांश रोख मिळणार आहे. नवरा दोन दिवस नाराज होता, मग हा धागा पहिल्यापासून वाचला आणि स्वतःच म्हणाला, सही कर. राजीनामा काल दिला.

सुरुवात एका नदीवरच्या भागापासून आहे. तिथे 40 मीटरचे साधे आधारित स्पॅन (दोन खांबांवर टेकलेले, शेजारच्या गर्डरला न जोडलेले) सुचवले आहेत. डब्यांच्या चाकांमधलं अंतर आणि स्पॅनची स्वतःची कंपनसंख्या जुळून आली तर ठरावीक वेगाला गर्डर थरथरत राहतो. माझ्या आजवरच्या पुलांवर गाड्या ताशी 90 च्या वर गेल्याच नाहीत, त्यामुळे ही तपासणी मी प्रत्यक्षात कधी केलेली नाही. स्पॅन सलग केले तर बरं, की गर्डरची खोली वाढवून भागेल? इथे कोणी हे काम केलं असेल तर कृपया लिहा. एक तारखेला रुजू होते आहे.